झाडू हातात घेतलेली कोबाल्टवाली बाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी चाळीसेक वर्षं वाचतेय, आधी डोंबिवलीत दाराच्या कडीत अडकवलेला असायचा तो आणि आता इथे मोबाईलवर, पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. त्यामुळे लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त मधला कोबाल्टचा, म्हणजे कॅन्सरवर किरणांचे उपचार करायच्या मशीनचा, भाग तेवढा कापू नका.

फेब्रुवारीत हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं तेव्हा तुमच्या क्रीडा पानावर एक चौकट आली होती. बर्फावर वाकून झाडू मारणाऱ्या दोन बायकांचा फोटो आणि वर मथळा, 'घरची सवय कामी आली!' खाली जेमतेम पाच ओळी, त्यात 'कर्लिंग' (बर्फावरून दगड घसरवत वर्तुळात न्यायचा हा खेळ) हा शब्द एकदा, त्यातल्या दगडाला 'लोखंडी गोळा' म्हटलेलं, आणि बाकी सगळा जोक सासू-सुना आणि केरवाऱ्यावर. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फोटो सकाळी सात वाजता आला आणि भाच्याने खाली लिहिलं, मावशी, तू पण तिकडे अंगण झाडतेस का बर्फाचं, मेडल मिळतंय बघ. मीही हसण्याचा स्मायली टाकला, खोटं कशाला बोलू. पण दुपारी तोच फोटो परत बघितला आणि डोकं फिरलं, कारण त्याआधीच मला एका बाईंबद्दल कळलं होतं आणि त्या बाईंच्या हातातही हाच झाडू होता. त्या कोण, ते सांगायलाच हे पत्र.

मी सध्या कॅनडात सास्काटूनला आहे, लेकीच्या बाळंतपणाला म्हणून नोव्हेंबरात आले ती अजून इथेच. सास्काटून म्हणजे सस्कॅचेवान प्रांतातलं गाव, सगळीकडे सपाट, उन्हाळ्यात गहू आणि हिवाळ्यात बर्फ, उणे तीस म्हणजे लोकांना काही विशेष वाटत नाही, भाजी आणायला जातात तसे फिरतात. शेजारी एक आजी राहतात, ऐंशी पार केलेल्या, एकट्या, स्वतः गाडी चालवतात. त्या दर मंगळवारी दुपारी एक झाडू गाडीत टाकून कुठेतरी जायच्या आणि मला वाटायचं चर्चमध्ये सेवा वगैरे करत असतील. जानेवारीत एकदा त्यांनीच विचारलं, येतेस का, बाळ झोपलंय तेवढं बघून घे खेळ, तर लेक म्हणाली, जा गं आई, घरात बसून कंटाळतेस.

तर मी पहिल्यांदा तो कर्लिंगचा हॉल बघितला. बाहेरून गोडाऊन वाटतं, आत गेलं की काचेमागे खुर्च्या, कॉफीचं मोठं पातेलं, आणि काचेपलीकडे बर्फाच्या लांबलचक पट्ट्या, एकेक साधारण पंचेचाळीस मीटरची, टोकाला रंगीत वर्तुळं काढलेली, रांगोळीला आधी कंपासने वर्तुळं मारतो ना तशी. एक माणूस पाठीवर औषध फवारणीचा असतो तसला पंप घेऊन उलटा चालत बर्फावर पाण्याचे थेंब टाकत होता, ते थेंब पडल्या पडल्या गोठतात आणि वर बारीक बारीक दाणे तयार होतात. आजींनी मला हात लावून बघायला सांगितलं तर अगदी घामोळं आलेल्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं लागलं. त्या दाण्यांमुळेच दगड घसरतो, सपाट बर्फावर तो नुसता चिकटून बसेल. आपल्याकडे कॅरमवर पावडर टाकतात त्यातलाच प्रकार.

कॅरम खेळलेल्या माणसाला हा खेळ समजायला पाच मिनिटं लागतात, म्हणून तुमच्या क्रीडा प्रतिनिधीला पाच मिनिटं मिळाली नाहीत याचं जास्त वाईट वाटलं. दगड ग्रॅनाइटचा असतो, लोखंडाचा नाही, वीस किलोला थोडासा कमी, आणि चांगले दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या एका छोट्या बेटावरच्या खडकाचे. एका टीममध्ये चौघी, प्रत्येकीला दोन दगड, म्हणजे आठ एकीकडे आठ दुसरीकडे, आणि सोळा दगड संपले की वर्तुळाच्या मध्याजवळ ज्यांचे दगड त्यांना पॉइंट. सोडताना दगडाला जरासा पीळ देतात त्यामुळे तो जाता जाता वळतो, आणि समोरच्यांनी आडवा ठेवलेला दगड असेल तर त्याच्या मागे जाऊन लपतो. आता झाडू. दगडाच्या पुढे पुढे घासत गेलं की बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे हातातून सुटलेल्या दगडाचा रस्ता त्या दोघी झाडूने वाटेत दुरुस्त करत असतात. कॅरममध्ये स्ट्रायकर सुटल्यावर सोंगटीला असं समजावता आलं असतं तर आमच्या चाळीत भांडणंच झाली नसती. आणि घासायचं किती, कधी थांबायचं, हे पलीकडच्या टोकाला उभी असलेली ओरडून सांगते, तो आरडाओरडा ऐकून मला तर दादरचा भाजीबाजार आठवला.

कॉफी पिताना आजींनी विचारलं, तू तिकडे काय काम करायचीस. मी म्हटलं, कॅन्सर हॉस्पिटलात रेडिओथेरपी टेक्निशियन होते, तीस वर्षं कोबाल्टवर. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला हाताला धरून भिंतीवरच्या जुन्या फोटोंपाशी नेलं, आणि एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, मग ही तुझीच माणूस. सिल्व्हिया फेडोरुक.

खरं सांगते, मला नाव माहीत नव्हतं. हॅरल्ड जॉन्स या शास्त्रज्ञाचं नाव माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये घोकलेलं, कोबाल्ट म्हटलं की जॉन्स. पण त्यांच्या हाताखाली किरणांची प्रत्यक्ष मापं कोणी घेतली हे आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता आधी १९६१ सांगते. त्या वर्षी ओटावामध्ये कॅनडातल्या बायकांची पहिली खरीखुरी राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा झाली, दहा प्रांतांच्या दहा टीम. पुरुषांची अशी स्पर्धा १९२७ पासून चालू होती, म्हणजे बायकांना चौतीस वर्षं थांबावं लागलं. खेळत तर होत्याच, पश्चिमेकडच्या प्रांतांची आपापली स्पर्धा होती, १९६० मध्ये पूर्व विरुद्ध पश्चिम असं एकदा झालं, पण सगळा देश एका ठिकाणी असं १९६१ लाच. पैसे दिले डोमिनियन नावाच्या किराणा दुकानांच्या कंपनीने म्हणून स्पर्धेचं नाव डायमंड डी. प्रत्येक टीम बाकीच्या नऊंशी खेळणार असा हिशोब, आणि सस्कॅचेवानच्या चौघींनी नऊच्या नऊ मॅच जिंकल्या. स्किप म्हणजे कॅप्टन जॉइस मॅकी, थर्ड म्हणजे तिसऱ्या क्रमाने दगड टाकणारी सिल्व्हिया फेडोरुक, सेकंड बार्बरा मॅकनेव्हिन आणि लीड रोझा मॅकफी. चारही नावं मुद्दाम लिहितेय, कारण त्या काळी तिकडच्या पेपरांत लग्न झालेल्या बाईचं नाव सर्रास नवऱ्याच्या नावाने छापायचे, आपल्याकडच्या 'सौ. अमुकराव' सारखं, आणि जुनी कात्रणं वाचणाऱ्याला बाई कोण ते हुडकत बसावं लागतं.

तेव्हाचे झाडू आत्ताच्यासारखे स्पंज लावलेले नव्हते बरं का, खरोखर काड्यांचे लांब केरसुणीसारखे असायचे, आणि ते बर्फावर हाणायचे. आजी म्हणतात, आवाज असा यायचा की गोधडी धोपटतायत, आणि खेळ संपेपर्यंत काड्यांचा कचरा सगळीकडे. त्यांनी मला हाताने करून दाखवलं, दोन्ही बाजूंना सपासप, ऐंशीव्या वर्षी, काचेतून बाकीच्या बघत होत्या.

थर्डचं काम मला फार आवडलं. स्किप शेवटचे दोन दगड टाकायला अलीकडे येते तेव्हा पलीकडे वर्तुळात उभं राहून तिला नेम दाखवायचा तो थर्डने, आणि डाव संपल्यावर कोणाचा दगड मध्याच्या जवळ हे समोरच्या थर्डशी बोलून ठरवायचं, डोळ्याला कळत नसेल तर माप लावायचं. म्हणजे मोजमापाची बाई. आणि फेडोरुक बाई सोमवार ते शुक्रवार नेमकं तेच करायच्या, फक्त बर्फावर नाही.

जन्म १९२७ चा, सस्कॅचेवानमधल्याच कॅनोरा गावचा. आईवडील युक्रेनहून आलेल्या कुटुंबांतले, वडील एका खोलीच्या शाळेत मास्तर. मुलगी सास्काटूनच्या युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकायला आली, सुवर्णपदक मिळवलं, आणि बरोबरीने बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, अॅथलेटिक्स, गोल्फ, म्हणजे कशाला नाही म्हटलंच नाही बहुतेक. त्याच सुमाराला जॉन्स तिथे कोबाल्ट ६० चा सोर्स, म्हणजे किरण बाहेर टाकणारा तुकडा, वापरून कॅन्सरवर उपचार करायचं मशीन उभं करत होते. सोर्स चॉक रिव्हरच्या एनआरएक्स नावाच्या अणुभट्टीत तयार झाला, आणि मशीन बनवलं सास्काटूनमधल्याच एका मशीन शॉपने. सिल्व्हिया त्यांची विद्यार्थिनी, वय चोविसाच्या आसपास, आणि तेव्हा अख्ख्या कॅनडात मेडिकल फिजिक्समध्ये काम करणारी ती एकच बाई. ८ नोव्हेंबर १९५१ ला पहिला पेशंट घेतला. ऑन्टॅरिओतल्या लंडन गावी दुसऱ्या टीमने थोडे दिवस आधी, २७ ऑक्टोबरलाच घेतला होता, तो मान त्यांचा. पण सास्काटूनवाल्यांनी पेशंट घ्यायच्या आधी मोजमापं पूर्ण केली, किरण अंगात किती खोल किती पोचतात ते इंचाइंचाने तपासलं, आणि ते तक्ते पुढे जगभर वापरले गेले. त्या मापांत फेडोरुक बाईंचा मोठा हात.

हे वाचणाऱ्याला कोरडं वाटेल, म्हणून आमच्या खोलीत काय व्हायचं ते सांगते. कोबाल्टच्या आधी जी एक्सरेची मशीनं होती त्यात सगळ्यात जास्त मार कातडीवर बसायचा, आतल्या गाठीपर्यंत पुरेसा डोस जायच्या आधी कातडी भाजून निघायची. कोबाल्टचा डोस कातडीवर नाही, तिच्या खाली साधारण पाच मिलिमीटरवर सगळ्यात जास्त असतो आणि मग हळूहळू कमी होत जातो, दहा सेंटिमीटर खोलीवरसुद्धा निम्म्याहून थोडा जास्त उरतो. या आकड्यांशिवाय पेशंटला मशीनखाली किती मिनिटं झोपवायचं हे कोणी सांगू शकत नाही. आमच्या फिजिसिस्ट मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली डेप्थ डोसचा चार्ट असायचा, चहाचे डाग पडलेला, आणि त्याच्या बाजूला गणपतीचा फोटो. कोबाल्ट आपोआप विरत जातो, सव्वापाच वर्षांत निम्मा, म्हणजे महिन्याला एक टक्का धरा, त्यामुळे दर एक तारखेला सगळ्या पेशंटचे टाइम वाढवून लिहायचे हे माझं काम. दाराशी एक लांब लोखंडी दांडा टांगलेला असायचा, सोर्स अडकलाच तर ढकलून आत घालायला, तीस वर्षांत हात लावायची वेळ आली नाही पण रोज सकाळी आत शिरताना मी तो बघायचे, देवाकडे बघतात तसं. आणि मशीनच्या बाजूला पाटी, मेड इन कॅनडा. तीस वर्षं ती पाटी पुसली मी.

सास्काटूनची पहिली पेशंट त्रेचाळीस वर्षांची होती, चार मुलांची आई, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, खूप वाढलेला. ती बरी झाली आणि नव्वदीपर्यंत जगली. हे वाचलं तेव्हा मला सोलापूरकडची एक बाई आठवली, तोच आजार, वयही तेवढंच. आम्ही पेशंटच्या अंगावर जांभळ्या शाईने खुणा करायचो, रोज किरण त्याच जागी पडायला हवेत म्हणून, आणि सांगायचो की पुसू नका. ती बाई सात आठवडे धर्मशाळेत राहिली, मे महिन्यात, आणि त्या खुणा पुसू नयेत म्हणून ओल्या फडक्याने हातपाय तेवढे पुसायची, बाकी अंगाला पाणी नाही. शेवटच्या दिवशी विचारलं, ताई, आता आंघोळ करू का? मी हो म्हटलं तर तिथल्या तिथे रडायला लागली. पुढे ती फॉलोअपला येत राहिली, एकदा शेंगादाण्याची चटणी घेऊन आली होती.

सास्काटूनचं ते पहिलं मशीन १९७२ पर्यंत चाललं आणि आता इथल्या म्युझियममध्ये ठेवलंय. जावई मला घेऊन गेले होते बघायला. लोक ट्रॅक्टर आणि जुन्या मोटारी बघत होते आणि मी त्या मशीनपुढे उभी राहून नमस्कार केला, जावयांना जरा अवघडल्यासारखं झालं असावं, पण काही बोलले नाहीत.

मिस्टरांना फोनवर हे सगळं सांगितलं तर त्यांनी त्यांचंच चालू केलं. ते ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात होते, रिटायर झालेत. म्हणाले, अगं आमची सायरस भट्टी त्या एनआरएक्सच्याच धर्तीवरची, कॅनडाने दिलेली, १९६० मध्ये चालू झाली आणि २०१० च्या शेवटी बंद. आणि भाभाट्रॉन विसरू नकोस, कोबाल्टचं भारतीय मशीन, बीएआरसीने बनवलं, पहिलं खारघरच्या अॅक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्रात, बसवलं. बरं, नाही विसरत, लिहिलं बघा.

आता एक गोष्ट जी मला खटकली तीही लिहिते, नाहीतर आरती ओवाळल्यासारखं होईल. किराणावाल्यांनी १९६७ नंतर पैसे देणं थांबवलं. मग १९६८ ते १९७१ अशी चार वर्षं बायकांच्या असोसिएशनने स्पॉन्सरशिवाय स्पर्धा ओढून नेली. आपल्याकडे खो-खोच्या मुली पदरमोड करून एसटीने नॅशनलला जायच्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. १९७२ मध्ये नवीन स्पॉन्सर मिळाला, मॅकडोनल्ड, म्हणजे बर्गरवाले नाहीत, तंबाखूवाले. पुरुषांच्या स्पर्धेला हेच पैसे देत होते, अगदी १९२७ पासून, तिचं ब्रायर हे नावसुद्धा तंबाखूच्या ब्रँडवरून आलेलं. बायकांच्या स्पर्धेचं नाव पडलं मॅकडोनल्ड लॅसी, लॅसी म्हणजे पोरगी, त्यांच्या सिगरेटच्या पाकिटावर स्कॉटिश पोरीचं चित्र असायचं. आणि १९७१-७२ साली असोसिएशनची अध्यक्ष कोण, तर सिल्व्हिया फेडोरुक. दिवसभर कॅन्सरचे पेशंट, आणि स्पर्धेच्या बॅनरवर सिगरेट कंपनी.

मी तंबाखूने सडलेली तोंडं तीस वर्षं बघितलीत, गुटखा, मिश्री, बिडी, सगळं, मशीनखाली झोपवताना काहींचं तोंड उघडायचं नाही, मास्क बसवताना माझेच डोळे भरायचे. त्यामुळे हे वाचून मला राग आला. आजींना मी तोंडावर विचारलं, तुम्हाला काही वाटलं नाही का तेव्हा. त्या म्हणाल्या, पोरी, तेव्हा इथे या हॉलमध्येच इतका धूर असायचा की समोरचं वर्तुळ दिसायचं नाही, आणि चार वर्षं कोणी दमडी दिली नव्हती. यावर मला काही बोलता आलं नाही पण पटलंही नाही. फेडोरुक बाईंच्या मनात काय आलं असेल ते त्यांनाच माहीत. त्या २०१२ मध्ये गेल्या. तंबाखूवाल्यांचं नाव १९७९ पर्यंत राहिलं, मग परत दोन वर्षं कोणी नाही, आणि १९८२ पासून स्कॉट पेपर, टिश्यू पेपर बनवणारे. तेव्हा नाव बदलून टूर्नामेंट ऑफ हार्ट्स झालं, स्पर्धेत खेळणाऱ्या बायकांना सोन्याच्या साखळीत चार बदाम असलेलं पेंडंट मिळतं, आजही स्पर्धा त्याच घराण्यातली आहे, फक्त २००७ पासून स्कॉटीज म्हणतात. किराणा, सिगरेट, टॉयलेट पेपर. बायकांच्या खेळाला कोण पैसे देतं त्याची वंशावळ ही अशी.

फेडोरुक बाई नंतर कुठे पोचल्या तेही वाचा. १९७३ मध्ये कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळावर गेलेली पहिली बाई, १९८६ मध्ये सास्काटूनच्याच सस्कॅचेवान युनिव्हर्सिटीच्या चॅन्सेलर, त्याच वर्षी कर्लिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये, आणि १९८८ ते १९९४ सस्कॅचेवानच्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालांसारखं पद, तिथेही पहिली बाई. राजभवनातून सुटी काढून मासे धरायला जायच्या असं आजी कौतुकाने सांगतात. जॉइस मॅकी पण थांबल्या नाहीत, १९६९ मध्ये परत जिंकल्या, आणि १९७१, ७२, ७३ अशी सलग तीन वर्षं, पण या तीन वेळा कॅप्टन वेगळी, व्हेरा पेझर. स्वतः दोनदा कॅप्टन म्हणून देश जिंकलेली बाई आपल्याच जुन्या साथीदारणीच्या हाताखाली खेळली, हे आपल्या क्रिकेटमध्ये किती वेळा गोडीगुलाबीने झालंय ते तुम्हीच सांगा. आणि या पेझर बाई मानसशास्त्राच्या, पुढे त्याही त्याच युनिव्हर्सिटीच्या चॅन्सेलर झाल्या. १९६३ ला न्यू ब्रन्सविकची टीम जिंकली होती, तिची कॅप्टन मेबल डिवेअर पुढे मंत्री आणि मग सिनेटर. बहुतेक बर्फावर ओरडायची सवय सभागृहात कामी आली असेल. बघा, जोक असाही करता येतो.

कॅन्सरने मात्र या बायकांची पाठ सोडली नाही. मार्ज मिचेल, सस्कॅचेवानचीच, १९८० मध्ये कॅनडा जिंकून स्कॉटलंडला पर्थमध्ये जागतिक स्पर्धा जिंकली, कॅनडाच्या बायकांचं ते पहिलं जगज्जेतेपद, आणि १९८३ मध्ये ती कॅन्सरने गेली, पस्तिशीत. आता हार्ट्समध्ये खिलाडूवृत्तीचं बक्षीस तिच्या नावाने देतात. मग सँड्रा श्मिर्लर, बिगर नावाच्या छोट्या गावची, १९९३, ९४ आणि ९७ असं तीनदा देश आणि तीनदा जग जिंकलेली. १९९८ मध्ये जपानात नागानोला बायकांचं कर्लिंग पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा पहिलं सोनं तिच्या टीमचं. २ मार्च २००० ला गेली, वय छत्तीस. नोव्हेंबरात मी इथे आले तेव्हा टीव्हीवर कॉलीन जोन्सची बातमी चालू होती, नोव्हा स्कोशियाची, सहा वेळा देश जिंकलेली आणि एरवी टीव्हीवर बातम्या देणारी, तीही कॅन्सरनेच गेली, पासष्टाव्या वर्षी. तेव्हा मला ती कोण काही माहीत नव्हतं, लेक टीव्ही बघून गप्प झाली होती आणि मी विचारत होते, वरणाला फोडणी देऊ का.

तर संपादक साहेब, माझी मागणी साधी आहे. एक, लोखंडी गोळा नाही, ग्रॅनाइटचा दगड, ही दुरुस्ती छापा, दोन ओळींचं काम आहे. दोन, कधी रविवारच्या पुरवणीत जागा उरली तर १९६१ च्या त्या चौघींवर कोणाकडून तरी नीट लेख लिहून घ्या, मी फोटो शोधायला मदत करीन. आणि ज्याने तो मथळा दिला त्याला रागावू नका, तरुण असेल, फक्त एकदा कॅरमच्या जागी हा खेळ खेळून बघ म्हणावं.

मी बघितला. गेल्या मंगळवारी आजींनी मला दगड टाकायला लावला. एका पायाखाली गुळगुळीत स्लायडर, दुसरा पाय मागे रबरी आधारावर, आणि तो वीस किलोचा ऐवज पुढे ढकलत बसक्या बसक्या घसरायचं. एकसष्ट वर्षांची बाई, आतून लेगिंग, वरून लेकीचं जॅकेट. दगड गेला अर्ध्यापर्यंत, मी त्याच्या आधी आडवी झाले आणि पोटावर घसरत रेघेपर्यंत गेले. पलीकडून आजी ओरडत होत्या, स्वीप, स्वीप, आणि दोन म्हाताऱ्या हसत हसत दगड सोडून माझ्याच पुढे झाडू घासायला लागल्या. गुडघ्याला निळं टेंगूळ आलंय, लेक ओरडली. या मंगळवारी परत जाणार आहे.

आपली वाचक,
एक निवृत्त रेडिओथेरपी टेक्निशियन,
डोंबिवली (पूर्व), सध्या मुक्काम सास्काटून

ता. क. मिस्टर तुमचा पेपर अजून घरी घेतात. पत्र छापलंत तर ते पान जपून ठेवतील, तेव्हा जाहिरातीच्या मागे छापू नका, ते कूपन कापतात.